झाडं जाळून वीज: ड्रॅक्सला २०३१ पर्यंत पैसे द्यायचे का?

लीड्सकर

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर परवा ड्रॅक्सवरून चांगलीच जुंपली, आणि तिथे चार ओळींच्या वर कोणी लिहीत नाही म्हणून इथे धागा काढतोय. इंग्लंडबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उत्तर यॉर्कशायरमध्ये सेल्बीजवळ ड्रॅक्स नावाचं औष्णिक वीज केंद्र आहे. १९७४ ला सुरू झालं, १९८६ पर्यंत सहा युनिट झाली, जवळपास ४००० मेगावॉट, म्हणजे आपल्या चंद्रपूरपेक्षाही मोठं. एकेकाळी पूर्ण कोळशावर. २०१३ पासून एकेक युनिट लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, आणायला सुरुवात झाली, २०१८ पर्यंत चार युनिट झाली आणि २०२१ मध्ये कोळशाची वीज विकणं थांबवलं. आता तिथे लाकूड जळतं, वर्षाला ६०-७० लाख टनांच्या आसपास.

हे लाकूड यॉर्कशायरचं नाही. बरंचसं अमेरिकेच्या दक्षिणेकडून म्हणजे लुइझियाना, मिसिसिपीकडून येतं, काही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातून, थोडं बाल्टिक देशांतून. तिथे भुसा करून, वाळवून, दाबून बोटाएवढ्या गोळ्या करायच्या, जहाजात भरायच्या, अटलांटिक ओलांडून इमिंगहॅम, हल, लिव्हरपूलला उतरवायच्या आणि झाकलेल्या वॅगनने केंद्रात न्यायच्या. आणि या सगळ्याला नवीकरणीय ऊर्जा म्हणून सबसिडी, जी आमच्या वीजबिलातून जाते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने नवीन करार जाहीर केला, २०२७ ते २०३१ साठी. सबसिडी साधारण निम्मी होणार, केंद्र वर्षभरात क्षमतेच्या जास्तीत जास्त २७ टक्केच चालवायचं आणि लाकूड १०० टक्के शाश्वत स्रोतातलं हवं, आधी ही अट ७० टक्क्यांची होती. ग्रुपवर अर्धे जण म्हणाले बरं झालं, निदान लगाम तरी घातला, अर्धे म्हणाले एक पौंडही का द्यायचा. एम्बर या अभ्याससंस्थेने मांडलेला २०२३ चा आकडा आहे, या एका केंद्राच्या धुराड्यातून १ कोटी १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड गेला, ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं एकल उत्सर्जन. तेव्हा चालू असलेल्या शेवटच्या कोळसा केंद्राच्या, रॅटक्लिफच्या, जवळपास चौपट. पण देशाच्या हिशेबात हा आकडा शून्य धरला जातो. मला हे पटत नाही. पण इथे वीज क्षेत्रातले लोक आहेत, शेतकरी आहेत, तुमचं काय म्हणणं आहे ते मनापासून ऐकायचंय.

बॉयलरवाला

लीड्सकर, धागा चांगला काढलात. माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्रांत गेली, आता नाशकात निवृत्त आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

एक म्हणजे कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला असतो, तो बाहेर काढला की हवेत कायमची भर पडते. झाडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि दुसरं झाड लावलं की तो परत झाडात जातो. हा फरक मूलभूत आहे आणि तो लोक धुराड्याचा एक आकडा दाखवून पुसून टाकतात.

दुसरं म्हणजे ग्रिड, देशभरचं वीजजाळं. जानेवारीत ब्रिटनवर थंड हवेचा दाब बसला की आठवडाभर वारा पडतो, ऊन तर नसतंच, आणि त्याच आठवड्यात मागणी सगळ्यात जास्त असते. तेव्हा तुमच्या पवनचक्क्या कितीही असोत, चालवणार काय? बटण दाबल्यावर चालू होणारं आणि जड टर्बाइन फिरवत ग्रिडची फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं काहीतरी लागतं. उभं असलेलं केंद्र, उभ्या लाइन, शिकलेली माणसं हे सगळं मोडीत काढायचं आणि त्या जागी गॅस जाळायचा? २७ टक्क्यांची अट मला तर शहाणपणाची वाटते, म्हणजे रोज जाळू नका, अडीनडीला जाळा.

आणि कोळशाचं केंद्र लाकडावर आणणं सोपं नाही हेही लोकांनी लक्षात घ्यावं. कोळसा उघड्यावर पावसात पडला तरी चालतो, पेलेट भिजले की फुगून त्यांचा भुगा होतो. शिवाय ढिगाऱ्यात ते आपोआप तापतात, कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्यांची धूळ स्फोटक असते. म्हणून ड्रॅक्सने ५० मीटर उंचीचे चार घुमट बांधले. हे काम करून दाखवलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे.

हिशेबनीस

बॉयलरवाला काका, ग्रिडबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, त्यावर वाद नाही. पण "दुसरं झाड लावलं की कार्बन परत जातो" या वाक्यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे वेळ. आणि सगळा वाद तिथेच आहे.

आधी जळण्याचं बघू. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या मार्गदर्शिकेतले मूळ आकडे आहेत, एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड, दगडी कोळशातून सुमारे ९५ आणि नैसर्गिक वायूतून ५६. म्हणजे तेवढ्याच उष्णतेला लाकूड कोळशापेक्षाही जास्त सोडतं, वायूच्या तर दुप्पट. त्यात झाड तोडणं, भुसा वाळवणं, जहाज हे सगळं वरून. आज जाळलं, आज हवेत गेलं. आता ते झाड परत तेवढं व्हायला पाइन असेल तर २५-३० वर्षं, जुनं मिश्र जंगल असेल तर ८० वर्षंही लागतील, आणि न तोडता उभं राहिलं असतं तर त्याने त्या काळात अजून कार्बन ओढला असता तोही हिशेबात धरायला पाहिजे. ही उचल आज आपण घेतोय आणि फेड पुढच्या पिढीवर टाकतोय. उत्सर्जन कमी करायचं उद्दिष्ट २०३०, २०५० चं आहे आणि फेड २०८० ला होणार असेल तर त्याला शून्य कसं म्हणायचं?

मग शून्य आलं कुठून? क्योटो हवामान कराराच्या वेळचा नियम असा आहे की लाकडाचं उत्सर्जन जिथे झाड तोडलं त्या देशाच्या जमीन-जंगलाच्या खात्यात मोजायचं, दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून जाळणाऱ्या देशाच्या ऊर्जा खात्यात मोजायचं नाही. कागदावर ठीक आहे. पण अमेरिकेने क्योटो करार मंजूरच केला नाही, त्यामुळे तोडणाऱ्याच्या खात्यावर मर्यादा नाही आणि जाळणाऱ्याच्या खात्यात नोंद नाही. टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच सायन्स या विज्ञान नियतकालिकात हे दाखवून दिलं होतं. २०१८ मध्ये जवळपास ८०० शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहिलं, २०२१ मध्ये ५०० वर शास्त्रज्ञांनी बायडेन आणि युरोपच्या नेत्यांना. हे लोक लाकडाच्या विरोधात नाहीत, त्यांचं म्हणणं एवढंच की झाडं मुद्दाम तोडून जाळण्यात आणि जे नाहीतर कुजलंच असतं ते जाळण्यात फरक करा.

बॉयलरवाला

वेळेचा मुद्दा मान्य. पण तुम्ही एका झाडाचा हिशेब करताय, जंगल म्हणजे एक झाड नाही. ३० प्लॉट असतील आणि दरवर्षी एकच तोडला तर बाकीचे २९ वाढतच असतात, एकूण साठा तेवढाच राहतो. मग उधारी कुठली?

हिशेबनीस

साठा तेवढाच राहतो हे खरं, पण तुलना कशाशी करायची? तुम्ही कालच्या साठ्याशी करताय, मी न तोडता जो साठा झाला असता त्याच्याशी करतोय. ते २९ प्लॉट तुमच्या केंद्रासाठी वाढत नव्हते हो, ते आधीही वाढतच होते आणि तो कार्बन आधीच हवेतून ओढला जात होता. मागणी वाढली म्हणून कुणी पडीक जमिनीवर नवीन झाडं लावली तर ती मी आनंदाने जमेत धरेन.

पानगळ

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, नोकरी वेगळ्या क्षेत्रात आहे पण हा विषय इथे रोजच्या बोलण्यातला आहे, कारण पेलेटचे कारखाने इथे, लाकूड इथलं आणि विल्मिंग्टनच्या बंदरातले घुमटही इथलेच. इथलं थोडं चित्र सांगते, कारण दोन्ही बाजूंनी इथल्या माणसांना सोडून बोलणं चालतं.

दक्षिणेतलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. एखाद्याच्या आजोबांनी लॉबलॉली पाइन लावला, त्यातला सरळ जाड ओंडका सॉमिलला, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीला, जातो आणि त्याचेच खरे पैसे येतात. मधली विरळणी, वाकडी झाडं, शेंडे हे पूर्वी कागदाच्या गिरण्या घ्यायच्या. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडतायत, इथे कँटनची मोठी गिरणी २०२३ ला बंद झाली. मग या लाकडाला गिऱ्हाइक कोण? पेलेटवाले. जमीनमालक म्हणतात की आम्हाला या मालाचे पैसे मिळाले नाहीत तर आम्ही जंगल ठेवूच कशाला, घरांसाठी प्लॉट पाडून विकू. हे खोटं बोलत नाहीत ते, शहरांच्या कडेला असं होताना मी बघते.

पण नदीकाठच्या पाणथळीत जी सायप्रस, टुपेलो, ओकची जंगलं आहेत तिथे सरसकट तोड होते आणि ट्रक भरून जाड ओंडके कारखान्यात जातात, याचे फोटो इथल्या संघटनांनी वर्षानुवर्षं काढलेत. पाइन परत लावला जातो, ही मिश्र जंगलं कोणी लावत नाही, ती आपली आपण आली तर आली. आणि कारखाने कुठे आहेत ते बघा. गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीच्या गावांशेजारी. मिसिसिपीतलं ग्लॉस्टर हे छोटंसं गाव, तिथल्या ड्रॅक्सच्या कारखान्याने हवेत सोडायच्या वायूंची मर्यादा ओलांडली म्हणून त्या राज्याने २५ लाख डॉलरचा दंड केला. लोक धुळीच्या, दम्याच्या, रात्रभरच्या आवाजाच्या तक्रारी करतायत. यॉर्कशायरची हवा कोळसा गेल्यामुळे सुधारली असेल तर आनंदच आहे, पण त्यातली थोडी घाण समुद्रापलीकडे गेली हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

आणि धंदा म्हणून तरी हे टिकतंय का? एन्व्हिव्हा ही जगातली सगळ्यात मोठी पेलेट कंपनी, मार्च २०२४ मध्ये तिनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. इथल्या ग्रामीण भागाला नोकऱ्यांची जी आश्वासनं दिली होती त्यांचं काय, हे विचारायला तेव्हा कोणी समोर नव्हतं.

ऊनसावली

सगळं वाचलं. पण मला एक साधा प्रश्न आहे, लाकूड नको, कोळसा नको, गॅस नको, अणुवीज म्हटलं की पण लोक रस्त्यावर येतात, मग वीज येणार कुठून? आमच्याकडे शेतीपंपाला रात्री दोन वाजता लाइट देतात, बिबट्याच्या भीतीने माणसं बॅटरी घेऊन पाणी धरायला जातात. त्यामुळे हा सगळा वाद मला भरल्या पोटाचा वाटतो, राग मानू नका.

लीड्सकर

राग नाही, प्रश्न रास्त आहे. पण त्याच पैशात दुसरं काय आलं असतं हा विचार करा ना. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा जानेवारी २०२४ चा अहवाल आहे, गेल्या वीसेक वर्षांत बायोमासच्या, म्हणजे लाकूड, पिकांचे अवशेष अशा जळणाच्या, वीज आणि उष्णतेसाठी सुमारे २२ अब्ज पौंड दिले गेले आणि त्याच अहवालात असंही म्हटलंय की लाकूड खरंच शाश्वततेच्या निकषात बसतं याची खात्री देईल अशी तपासणी सरकार दाखवू शकत नाही. म्हणजे पैसे दिले, पण माल कुठून आला ते विकणाऱ्यानेच भरलेल्या माहितीवर आणि त्याने नेमलेल्या तपासनीसांवर सोडलं.

आणि ती माहिती कशी होती? बीबीसीने २०२२ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जाऊन दाखवलं की कधीही न तोडलेल्या प्राथमिक जंगलातले ओंडके पेलेटकडे जातायत. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही मुख्यतः सॉमिलचा भुसा आणि टाकाऊ लाकूड वापरतो. मग ऑफजेम म्हणजे इथल्या वीज नियामकाने चौकशी केली, ऑगस्ट २०२४ मध्ये निष्कर्ष आला की सबसिडी मुद्दाम चुकीची घेतली असं नाही, पण कॅनडातल्या लाकडाच्या प्रकाराची २०२१-२२ ची माहिती नीट दिलेली नव्हती, आणि कंपनीने अडीच कोटी पौंड भरायचं मान्य केलं. माझा आक्षेप कंपनीपेक्षा या पद्धतीवर आहे. ज्याच्या अटीवर अब्जावधी दिले जातात ती अट कोणी स्वतंत्रपणे जाऊन बघतच नव्हतं.

पानगळ

ब्रिटिश कोलंबियाबद्दल एक भर, कारण तिथली दुसरी बाजूही आहे. तिथे पाइन बीटल किड्याने प्रचंड जंगल मेलं, त्यात तोडीनंतरचा पालापाचोळा आणि फांद्यांचे ढीग जागेवरच पेटवून द्यायची पद्धत आहे, वणवा लागू नये म्हणून. ते ढीग उचलून पेलेट केले तर माझा काहीच आक्षेप नाही. पण रस्त्यापासून आत आत पसरलेले ढीग गोळा करणं महाग पडतं आणि ओंडका उचलणं स्वस्त. जिथे दर टनावर मिळतो तिथे ट्रक ओंडक्याकडेच वळणार.

आम्सटलकाठ

नेदरलँड्समध्ये हे आम्ही आधीच भोगलंय. इथे वाद पेटला तो ॲम्स्टरडॅमजवळ डीमेनला मोठं लाकडाचं उष्णता केंद्र व्हायचं होतं त्यावरून. पर्यावरणवाले, उजवे पक्ष, शेजारच्या गावातले लोक, सगळे एका बाजूला आले, असं इथे क्वचित होतं. २०२० मध्ये सामाजिक-आर्थिक परिषदेने सांगितलं की वीज आणि साधी उष्णता यासाठी लाकूड जाळणं हळूहळू बंद करा, लाकूड बांधकामाला आणि रसायनांना वापरा जिथे कार्बन टिकून राहतो. मग संसदेत नवीन सबसिडी नको असा ठराव झाला आणि डीमेनचा प्रकल्प आधी लांबला, अखेर रद्द झाला. जुन्या कोळसा केंद्रांना कोळशात लाकूड मिसळण्यासाठी कबूल केलेली सबसिडी मात्र चालूच राहिली, कारण करार मोडता येत नव्हता. हे ब्रिटनच्या मित्रांनी लक्षात ठेवा. एकदा सही झाली की मतं बदलून उपयोग नसतो, २०३१ च्या पुढचा करार व्हायच्या आधीच बोला.

युरोपीय संघानेही २०२३ च्या सुधारित निर्देशात फक्त वीज करणाऱ्या नवीन लाकूड केंद्रांच्या मदतीवर बंधनं घातली आणि सॉमिलच्या प्रतीचा ओंडका, बुंधे, मुळं जाळायला थेट आर्थिक मदत नाही असं लिहिलं. त्यात पळवाटा आहेत, पण दिशा बदलली हे नक्की.

कापूसवेचणी

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. तुमच्या इंग्लंडच्या जंगलाचं मला काही माहीत नाही, पण लाकडाऐवजी पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडांची, गोष्ट करा. महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरच्या आसपास कापूस असतो, हंगाम संपला की उभी पऱ्हाटी राहते, तिचं करायचं काय हा दरवर्षीचा प्रश्न. कृषी विभाग दरवर्षी सांगतो फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तोच कापूस पुढे ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका, नाहीतर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं. म्हणून बहुतेक जण बांधावर ढीग लावून पेटवून देतात. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला. ही जळणारच आहे, मग थर्मलमध्ये जळली तर काय वाईट? आणि केंद्राचं धोरणच आहे ना, कोळसा केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के बायोमास पेलेट मिसळायचे. त्यासाठी समर्थ नावाचं मिशनही आहे.

पण आमच्या गावात कोणी घ्यायला येत नाही. उपटायची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, यातच सगळं जातं. ट्रॉली डोंगराएवढी भरते आणि वजन केलं तर काहीच नाही. व्हाईट कोलवाले, म्हणजे पिकांच्या अवशेषाच्या कांड्या करणारे, येतात, ते विटभट्टीला आणि कारखान्याच्या बॉयलरला विकतात, पण त्यांचा दर म्हणजे उपकार केल्यासारखा. आम्हाला कोणी जागेवर काटा लावून भाव दिला तर आम्ही कशाला पेटवतो?

बॉयलरवाला

दादा, तुमचं म्हणणं लाख मोलाचं आहे. मिसळण्यात तांत्रिक अडचण किती आहे ते सांगतो. आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख असते, पऱ्हाटीत त्याच्या कितीतरी कमी, आणि उष्मांक जवळपास बरोबरीचा. ५-७ टक्क्यांपर्यंत कोळसा दळणाऱ्या मिलला आणि बॉयलरला मोठा त्रास होत नाही, एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने दादरीच्या केंद्रात २०१७ मध्ये हे करून दाखवलंय. त्याच्या वर गेलं की पिकांच्या अवशेषातलं पोटॅश आणि क्लोरीन नळ्यांवर चिकट थर बसवतं, क्लिंकर म्हणजे राखेचा कडक गोळा धरतो, गंज येतो. भाताच्या पेंढ्याचा त्रास जास्त, पऱ्हाटी लाकडासारखी असल्याने बरी. मिलमध्ये गरम हवा कमी करावी लागते, नाहीतर पेलेट तिथेच पेट घेतात.

खरी अडचण तुम्ही म्हणता तीच, गोळा करणं. पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांत निघते आणि केंद्राला वर्षभर लागते, मध्ये पावसाळा. म्हणजे गावागावात शेड, श्रेडर (बारीक तुकडे करायचं यंत्र), पेलेट मशीन पाहिजे. ते गटांनी, शेतकरी कंपन्यांनी करायला हवं, व्यापाऱ्याच्या हातात दिलं तर भाव पडणार हे मी माझ्या नोकरीत बघितलंय.

हिशेबनीस

पऱ्हाटीच्या बाबतीत माझा कार्बनचा आक्षेप जवळपास संपतो, कारण ती याच वर्षी वाढली आणि याच वर्षी जळणार किंवा कुजणार. सरकारच्या अंदाजाने देशात वर्षाला २३ कोटी टनांच्या आसपास जादा अवशेष आहे. फक्त एक विनंती, सगळी उचलू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला, पऱ्हाटीची मुळं आणि बारीक फांद्या मातीत जायला हव्यात. दर चांगला मिळाला की माणूस शेत झाडून पुसून देतो आणि पुढच्या वर्षी खताची गोणी जास्त टाकतो.

कापूसवेचणी

बोंडअळी असेल तर मातीत गाडून चालत नाही असं पण सांगतात, आणि श्रेडर मारून गाडली तर चालते असंही सांगतात. शेतकऱ्याने ऐकायचं कुणाचं? आमच्याकडे एकाने दोन वर्षं श्रेडर मारून गाडली, त्याची जमीन भुसभुशीत झाली हे डोळ्यांनी बघितलं. पण श्रेडर भाड्याने मिळायला नंबर लागतो.

मोहफूल

गडचिरोलीहून. पऱ्हाटीचं ठीक, पण आता थर्मलसाठी बांबू लावा, बांबू जाळा असं जोरात चाललंय त्याबद्दल बोलायचंय. शेताच्या बांधावर शेतकऱ्याने लावला, त्याला पैसे मिळाले, उत्तम. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाल्यावर जंगलाबाहेरचा बांबू झाड मानला जात नाही, तोडायला-न्यायला सोपं झालंय. मला भीती वाटते ती जंगलातल्या बांबूची. मोठी भूक असलेलं गिऱ्हाइक एकदा जंगलाच्या दाराशी आलं की काय होतं ते या देशाने कागद गिरण्यांच्या वेळी बघितलंय.

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी १९७० च्या दशकात कर्नाटकात, कारवारच्या बाजूला, हाच अभ्यास केला होता. गिरणीला बांबू मिळायचा टनाला दीड रुपयाने, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडांना बाजारात त्याच्या शेकडो पटीने. वनखात्याच्या कागदावर सगळं शाश्वत होतं, किती बेटं, दर बेटात किती काठ्या, दर किती वर्षांनी तोड, सगळं नियमात. तरी बांबू संपत चालला होता. का, तर गिरणीची माणसं तोडायला सोपं जावं म्हणून बेटाच्या बुंध्याजवळचं काट्यांचं कुंपण साफ करायची. ते काटेच कोवळ्या कोंबांना गुरांपासून, रानडुकरांपासून वाचवत होते. गावकऱ्यांना हे माहीत होतं, खात्याला नव्हतं, नियम तर त्याच्या उलट होता. म्हणून वर लीड्सकरांनी १०० टक्के शाश्वत लाकडाची अट लिहिली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ही अट तपासायला जंगलात कोण जाणार आणि तिथल्या कोणाला विचारणार?

आमच्याकडे मेंढा-लेखा हे गाव आहे. २००९ ला गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं, त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात यावं लागलं. आज ग्रामसभा ठरवते किती तोडायचं, केव्हा, कोणाला विकायचं, मजुरी काय. थर्मलवाल्यांना बांबू हवा असेल तर त्यांनी इथे येऊन ग्रामसभेत बसावं, आणि नाही म्हटलं तर ते नाही ऐकून जावं. माझी तरी एवढी एकच अट आहे.

ऊनसावली

मोहफूल ताई, हे माहीत नव्हतं. काट्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझा प्रश्न अजून उभा आहे पण आता वेगळ्या तऱ्हेने उभा आहे.

बॉयलरवाला

एक गोष्ट राहिली, कार्बन पकडण्याची. ड्रॅक्सचं म्हणणं आहे की धुरातला कार्बन पकडून उत्तर समुद्राखाली पुरला तर लाकडाची वीज शून्याच्याही खाली जाईल. जानेवारी २०२४ मध्ये त्याला नियोजन परवानगीही मिळाली. हे झालं तर तुमचा आक्षेप राहतो का हिशेबनीस?

हिशेबनीस

काका, २०१९ मध्ये प्रायोगिक यंत्रणेने दिवसाला एक टन पकडला आणि धुराड्यातून जातात दिवसाला तीसेक हजार टन. मधलं अंतर तुम्हीच मोजा. आणि पकडायची यंत्रणा स्वतःच वीज आणि वाफ खाते, म्हणजे तेवढ्याच विजेला लाकूड अजून लागणार. जंगलात झालेलं नुकसान तर पकडता येत नाही. भुसा आणि टाकाऊ लाकडावर, मर्यादित आकाराचं, असं कोणी आणलं तर मी विरोध करणार नाही. पण "पुढे पकडू" या आश्वासनावर आज सबसिडी चालू ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

लीड्सकर

सगळ्यांचे आभार, ग्रुपवर जे दोन दिवसांत झालं नाही ते इथे झालं. मी आमच्या खासदारांना पत्र लिहितोय. त्यात तीन मागण्या टाकतोय: लाकूड कोणत्या जंगलातून आलं, ओंडका की भुसा, हे दर जहाजामागे जाहीर करा. तपासनीस कंपनीने नेमायचा नाही, नियामकाने नेमायचा आणि त्याने तोडीच्या जागी जायचं. आणि २०३१ नंतर याच पैशातून साठवणूक, समुद्रातले वारे आणि घरांचं इन्सुलेशन, ज्याने जानेवारीची मागणीच कमी होईल. पानगळ, ग्लॉस्टरच्या लोकांची एखादी मागणी यात घालायची असेल तर सांगा, ती त्यांच्याच शब्दांत टाकेन.

पानगळ

नक्की. इथे एक बाई त्यांच्याबरोबर काम करतात त्यांना विचारते. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचं पहिलं मागणं हवेच्या मोजणीचं आहे, कारखान्याच्या कुंपणावर यंत्र बसवा आणि आकडे रोज आम्हाला दिसू द्या. ते ब्रिटनच्या कराराची अट म्हणून घालता येईल का, हे खासदारांना जरूर विचारा.

कापूसवेचणी

बॉयलरवाला काका, ते शेतकरी कंपनीचं तुम्ही म्हणालात ना. आमच्या गावात एक कंपनी कागदावर आहे, काम काही नाही. पेलेट मशीनला किती युनिट वीज लागते, थ्री फेज किती तास पाहिजे, आणि पऱ्हाटी किती वाळलेली लागते ते लिहाल का? फेब्रुवारीच्या आधी ठरवायला लागेल.

बॉयलरवाला

लिहितो, वेगळा धागाच काढतो त्याचा. तोवर एक करा, पऱ्हाटी उपटल्यावर लगेच ढीग लावू नका, आडवी पसरून उन्हात वाळू द्या. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आला पाहिजे, त्याच्या वर पेलेट धरत नाही आणि केंद्रही परत पाठवतं. मातीही झटकून घ्या, मातीने मशीनची डाय लवकर झिजते. तुमच्या तालुक्यात थ्री फेज कोणत्या वेळेला असते तेवढं कळवा, मशीनचा आकार त्यावरून ठरेल.